आमचा चकवा, त्यांचा नुरिकाबे

जपानमधल्या योनागोहून साकाइमिनातोला जाणारी गाडी एक-दोन डब्यांची असते आणि तिच्या अंगावर भुतं रंगवलेली असतात. पहिल्यांदा बसले तेव्हा आमची शकुंतला आठवली. यवतमाळ-दारव्हा-मूर्तिजापूर, नॅरोगेज, कापसासाठी टाकलेली लाइन. १९९४ पर्यंत तर वाफेचंच इंजिन. तीही अशीच रमतगमत जायची. फरक एवढाच की शकुंतला बंद पडली आणि ही अठरा किलोमीटरची गाडी रविवारी गच्च भरलेली असते. इथल्या प्रत्येक स्टेशनाला खऱ्या नावासोबत एकेका भुताचं नाव दिलंय. मी चढते त्या योनागोचं नाव ‘उंदीरमाणूस’.

हा सगळा पसारा एका चित्रकाराचा, शिगेरू मिझुकींचा. जन्म १९२२ चा, वाढले या साकाइमिनातो नावाच्या मासेमारीच्या गावात, २०१५ साली ९३ व्या वर्षी गेले. गावात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. १९९३ मध्ये तिथे २३ ब्राँझचे पुतळे बसवले, आता पावणेदोनशेच्या वर आहेत. एकही पुढारी नाही, घोडेस्वार नाही. बहुतेक सगळी भुतं, कित्येक तर गुडघ्याएवढीसुद्धा नाहीत. कितारो हा त्यांचा नायक म्हणजे एक डोळा केसांत लपलेला भूत-पोरगा. त्याचा बाप म्हणजे नुसतं बुबुळ. त्याला हातपाय आहेत आणि तो वाटीत आंघोळ करतो. गावातल्या टॅक्सीच्या टपावरचा दिवाही त्या बुबुळाचाच. पुतळ्यांची डोकी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हातांनी घासून पिवळीधमक झालीत, आपल्याकडे देवळातला नंदी होतो तशी.

मिझुकींना भुतं दिली ती एका म्हातारीनं. त्यांच्या घरी कामाला यायची, देवधर्म करणारी. लोक तिला ‘नोन्नोनबा’ म्हणत. इकडच्या बोलीत नोन्नोन म्हणजे देवबाप्पा आणि बा म्हणजे आजी. तिच्यावर त्यांनी पुढे चित्रकादंबरी काढली. फ्रान्समधल्या आंगुलेमच्या महोत्सवात २००७ साली तिला सर्वोत्कृष्ट पुस्तकाचं बक्षीस मिळालं. जपानी मांगाला, म्हणजे तिकडच्या चित्रकथांना, आंगुलेमचा हा मान पहिल्यांदाच मिळत होता.

नोन्नोनबा वाचताना पानापानावर मला माझी आजी दिसत होती. दारव्हा तालुक्यातलं आमचं घर, विजेची लाइन गेलेली, ओसरीत आम्ही पाच-सहा पोट्टे आणि मधे आजी. तिच्याकडे पिंपळावरचा मुंजा होता, विहिरीतली आसरा होती, पण तिचा खास माल म्हणजे चकवा. रात्री शेतातून येणारा माणूस त्याच त्या धुऱ्यावर पुन्हापुन्हा येतो, गावचा दिवा दिसतो पण गाव येत नाही. "मंग काय करावं आजी?" "काई नाई. खाली बसावं, बिडी पेटवावं. उजेड झाला का चकवा सुटते." आजी स्वतः बिडी ओढायची नाही, पण तिच्या प्रत्येक गोष्टीत बिडी असायचीच.

त्याच घरात काकांची एक ट्रंक होती आणि तिच्यात इंद्रजाल कॉमिक्स. १९६४ मध्ये सुरू झालेली ही मालिका १९९० मध्ये बंद पडली. मला वाचता यायला लागलं तेव्हा तिची पानं कडेनं तांबूस झाली होती. अमेरिकेत ली फॉकनं १९३६ साली आणलेला फँटम आमच्याकडे आला तो ‘वेताळ’ होऊन. मी आजीला वाचून दाखवायचे. पांढऱ्या घोड्यावरून डेंकालीच्या जंगलात जाणारा, हाफचड्डी बाहेरून घातलेला वेताळ पाहून ती भयंकर नाराज. "घोड्यावर कायले बसते तो? वेताळ तं झाडाले लटकते नं बाप्पा!" भाषांतरकारानं नाव एवढं चपखल शोधलं की आजीची त्यानं पार फसवणूक झाली.

आता नुरिकाबे. रात्री चालताना समोर न दिसणारी भिंत उभी राहते, पाऊल पुढे पडत नाही. वर कितीही धोपटा, काही होत नाही. काठीनं खालून झाडलं की नाहीशी होते. ही लोककथा मूळची क्युशू बेटाची, पण मिझुकींनी तिला दोन डोळे नि आखूड हातपाय दिले आणि आज जपानातलं शेंबडं पोरही तिला ओळखतं. दुसऱ्या महायुद्धात त्यांना आताच्या पापुआ न्यू गिनीतल्या रबौलला धाडलं होतं. तिथे बॉम्बहल्ल्यात डावा हात गेला. तिथल्याच जंगलात एका रात्री आपल्यालाही नुरिकाबे आडवी आली होती, असं ते सांगत. काय केलं? खाली बसले. थोडा दम खाल्ला. उठले तर वाट मोकळी! हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसून राहिले.

कितारो पडद्यावर आला तोही वळणावळणानं. आधी कामिशिबाई, म्हणजे सायकलवर चित्रं घेऊन गल्लीत गोष्ट सांगणारे असत तो प्रकार. मग भाड्यानं मिळणारी पुस्तकं. १९६५ पासून साप्ताहिकात. नाव होतं ‘स्मशानातला कितारो’. टीव्हीवर स्मशान कसं चालेल, म्हणून ते झालं ‘गेगेगे नो कितारो’. लहानपणी शिगेरूला आपलं नाव नीट म्हणता येत नसे, तो ‘गेगेरू’ म्हणायचा. त्यातलं हे गेगेगे. १९६८ पासून मालिकेचे सहा अवतार झाले, शेवटचा २०१८ चा. मला स्वतःला पडद्यापेक्षा कागदच आवडतो. मिझुकी माणसं काढतात साधी, चार रेघांची, पण मागचं झाड, गवत, पडकं घर मात्र ठिपक्याठिपक्यानं असं भरतात की भीती भुताची वाटत नाही, त्या गवताची वाटते. रंगीत मालिकेत ते गवत हरवलं.

मागच्या शरदात पुतळे पाहून परतताना शेतात एक ओळखीचं झाड दिसलं. पऱ्हाटी! हा भाग रेताड, आणि एदो काळापासून (सतरावं ते एकोणिसावं शतक) इथे कापूस होतो, मध्यंतरी जवळजवळ संपलेला तो आता पुन्हा लावतात. बोंडं खाली मान घातलेली, धागा आखूड. आजोबा ज्याला गावरानी म्हणत तशीच जात. मालकीणबाईंनी एक बोंड हातावर ठेवलं. मी सवयीनं बोटांनी सरकी चाचपली तर त्या हसायला लागल्या.

रात्री काकांना फोटो पाठवले. काका ओलिताला रात्रीच जायचे, लाइन तेव्हाच यायची, आणि चकवा त्यांना दोनदा लागलेला, एकदा तुरीत आणि एकदा घराच्या मागेच. नुरिकाबेचा पुतळा त्यांनी मोठा करून पाहिला असावा, कारण फोन यायला वेळ लागला.

"बाई, हा चकवा नोहे. याले तं तोंड हाये."

"मग?"

"तोंड असतं तं म्या भ्यालो असतो का? दोन शिव्या नसत्या देल्या!"

मग थोडं थांबून, "अन् तो दुसरा फोटो कापसाचाच हाये नं? तिथं भाव काय चालू हाये?"