काळं कधीपासून?

आषाढी होऊन दोनेक आठवडे झाले की आमच्या ओपीडीत गुडघे आणि टाचा यायला लागतात. पंढरपूरच्या बाजूचं तालुक्याचं गाव, त्यामुळे हे दरवर्षीचंच. मी आहारतज्ज्ञ. गुडघ्यांशी आपला काय संबंध, असं मला त्या दिवसापर्यंत वाटत होतं.

बाबा पहिल्यांदा आले ते ज्येष्ठात. वय 66, हिमोग्लोबिन 8.2. पुरुषाचं 13 च्या खाली गेलं की आपण रक्तक्षय म्हणतो. तांबड्या पेशी आकाराने लहान, फेरिटिन तळाला, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा संपलेला. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून चिठ्ठी माझ्याकडे पाठवली. मी मान वर केली, गळ्यातली तुळशीची माळ दिसली आणि माझं निदान तिथेच झालं: मांस-मासे-अंडी नाहीत, दिवसाला पाच-सहा चहा, एकादशीला साबुदाणा. लोह येणार कुठून?

तक्ता मात्र मन लावून केला. ज्वारीच्या भाकरीबरोबर मेथी नाहीतर हरभऱ्याची भाजी, मोड आलेली मटकी, कारळ्याची चटणी, अळिवाची खीर. पालेभाज्या-कडधान्यांतलं लोह शरीर सहजासहजी घेत नाही, म्हणून ताटात अर्धं लिंबू पिळायचंच. चहा लोहाला धरून ठेवतो, म्हणून तो जेवणानंतर तासाभराने. बाबांनी बिटाचं विचारलं. सगळेच विचारतात. बीट आणि डाळिंब रक्तासारखे लाल म्हणून रक्त वाढवतात, ही समजूत आमच्या भागात डाळिंबाच्या बागांइतकीच दाट आहे. प्रत्यक्षात 100 ग्रॅममागे 1 मिलिग्रॅमसुद्धा लोह त्यात नाही. जाता जाता मी एक नेहमीची सूचना दिली, "गोळ्यांनी संडासला काळं होईल, घाबरू नका." ही सूचना पुढे मला फार बोचली.

पाच आठवड्यांनी बाबा आले, बरोबर सून. यंदा दिंडीत चालवलं नाही, फक्त वाखरीपासून चाललो म्हणाले. रिपोर्ट बघितला: 7.6.

वाढायच्या ऐवजी घटलं होतं. गोळ्या नीट पोटात गेल्या असत्या तर एवढ्यात निदान एक-दीड ग्रॅम तरी चढायला हवं होतं. माझा आवाज चढला. "बाबा, खरं सांगा, गोळ्या घेतल्या का?"

"घेतल्या की वो माउली."

असं सगळेच म्हणतात. पण सुनेने गुपचूप कॅरीबॅग टेबलावर उपडी केली. तीन रिकाम्या पट्ट्या, चौथीत पाच गोळ्या शिल्लक. म्हणजे 35 दिवसांच्या 35. लिंबाचंही तिने तोंडपाठ सांगितलं, मटकीला मोड कधी आणते तेही. मी लिहिलेलं त्या घरात अक्षरशः पाळलं गेलं होतं. मला काही सुचेना, म्हणून मी पट्ट्या पिशवीत भरायला लागले. त्यांत एक वेगळीच पट्टी होती, कात्रीने अर्धी कापलेली.

"ही कसली?"

"ती गुडघ्याची," बाबा म्हणाले. "मेडिकलवाल्यानं दिली. लई गुण हाय."

"कधीपासून घेताय?"

"दिवाळीपासनं. सकाळच्याला, चहासंगं."

रोज, उपाशीपोटी, एकादशीलासुद्धा. या वेदनाशामक गोळ्यांनी जठराचं अस्तर सोलवटतं, हे मी कॉलेजात शिकले होते. पण पहिल्या भेटीत चहा किती कप ते विचारलं आणि चहाबरोबर काय घेता ते विचारलंच नाही. मी संडासचा रंग विचारला. बाबा म्हणाले, "काळं हुतं, पर तुमीच म्हनला हुता गोळीनं हुतं."

तेवढ्यात सून खाली बघत बोलली, "काळं तर होळीपासनंच हाय की. डांबरागत चिकटतं, धुतलं तरी निघत न्हाई. वास बी लई मारतो."

होळी फाल्गुनात. लोहाच्या गोळ्या ज्येष्ठात सुरू झालेल्या. म्हणजे हे काळं गोळ्यांचं नव्हतं, पोटात झिरपणाऱ्या रक्ताचं होतं. संडास धुणाऱ्या बाईला जे दिसत होतं, ते ना डॉक्टरांना कळलं होतं ना मला, आणि बाबांना तर मीच निश्चिंत करून टाकलं होतं.

मी रिपोर्ट घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेले. त्यांनी ऐकलं, कपाळावर हात मारला, "वयस्क पुरुषाचं लोह कमी झालं की आधी गळती शोधायची. मीच चुकलो." त्याच दुपारी बाबा सोलापूरला. दुर्बिणीतून जठरात व्रण दिसला, कडेने रक्त झिरपत होतं. गुडघ्याची गोळी बंद, आम्ल कमी करणारी सुरू. या दुसरीने लोहाचं शोषण मंदावतं, म्हणून सुरुवातीचं लोह सलाईनमधून दिलं.

हिशोब तसा सोपा आहे. अन्नातून रोज अंगाला लागतं 1 ते 2 मिलिग्रॅम लोह. निरोगी रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण अर्धा मिलिग्रॅम असतं. म्हणजे रोज चमचाभर रक्त गेलं तरी ताटातलं लोह पुरत नाही. बाबांना हे आकड्यांत सांगायला गेले तर त्यांनी मला थांबवलं, "पाटाला घुशीनं भोक पाडलं, आन आपण मोटर चालू ठिवली. खालच्या वाफ्याला पानी कसं जाणार?"

कार्तिकीच्या आधी ते आले तेव्हा हिमोग्लोबिन 12.4 होतं. आहार तोच. तीच मटकी, तेच लिंबू, तीच अळिवाची खीर. फक्त आता खालच्या वाफ्याला पाणी पोचत होतं.

निघताना सून दारात घुटमळली. "ताई, ते अळिवाचं मी बी खाल्लं तर चालंल का?" सगळ्यांची पानं झाल्यावर जेवणारी ही बाई. मी तिच्या पापणीची आतली कड खाली ओढून बघितली. आत कागदासारखं पांढरं. तिथेच रक्त तपासायला लावलं: 8.4.

तक्त्याचा कागद मी काढला नाही. खुर्ची जवळ ओढून विचारलं, "पाळीत किती दिवस जातं? दिवसाला पॅड किती लागतात?"

तिने सासऱ्यांकडे बघितलं. बाबांनी टोपी सारखी केली, "मी भाईर बसतो माउली," म्हणाले आणि जाताना दार ओढून घेतलं. मग ती बोलायला लागली.