हुदहुदी मैना: चोच जमली, तुरा उपटला

लाकडात कोरतोय त्या हुदहुदी मैनेचा तुरा उपटला. सगळी ३४ पिसं. मागच्या फोटोत ताठ उभा दिसत होता ना, तीच चूक.

हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरची ही मैना आता नामशेष झालीय. ती जिवंत असताना काढलेलं म्हणून जे एकच चित्र मानतात, ते जोसिन्यी या फ्रेंच चित्रकाराचं, १७७०च्या दशकातलं. छपाईचे ठसे कोरणाऱ्यांसाठी त्याने चित्राखाली लिहून ठेवलंय की तुरा सरळ वर नको, पुढे झुकलेला दाखवा. आपण नक्कल केली ती संग्रहालयातल्या पेंढा भरलेल्या नमुन्यांची. भांगपाडी मैनेवरून अंदाज बांधणाऱ्यांनीही सांभाळा, तिची शेंडी मागे पडते.

आता अडचण भोकांची. १ मिमीची, टाळूत काटकोनात पाडलेली. त्यातलं पीस पुढे वाकवलं की देठ मुळाशीच मोडतो. म्हणून तुनीच्या (मैना कोरलीय त्या लाकडाच्या) भुशात पांढरा गोंद कालवून भोकं बुजवली आणि दोन दिवसांनी तिरकं ड्रिल लावलं. बिट घसरून जुन्याच भोकात! भरलेला भाग भोवतीच्या लाकडापेक्षा मऊ राहतो, बिट तिकडेच ओढलं जातं. शिवाय कृष्णाकाठच्या पावसाळी हवेत गोंद धरेपर्यंत पिसं आडवी होतात, टाचण्यांचा आधार रात्रभर हवाच.

उपाय: टाळूचा २२ × १२ मिमीचा लंबगोल ८ मिमी खोल कोरून काढायचा आणि तेवढीच नव्या लाकडाची खुट्टी बसवायची. भोकं खुट्टीला बाहेरच, शिकंज्यात धरून पाडायची.

पिसं पांढऱ्या गावठी कोंबड्याच्या मानेची. ब्रॉयलर जेमतेम सहा आठवड्यांचा, त्याची आखूड पडतात. रानपक्ष्यांच्या पिसांच्या वाटेला जाऊ नका, कायदा आहे. तंतू सुटे दिसायला ब्लीच आणि पाणी निम्मंनिम्म घेऊन त्यात पीस मिनिटभर हलवायचं, लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात टाकायचं. ब्लीचजवळ व्हिनेगर आणूच नका, क्लोरीन सुटतो. मग पातळ काळ्या शाईने राखी छटा.

चोच मात्र झकास. माप ४१ मिमी, खाली वळलेली. तुनीत कोरली की वळणावर लाकडाची रेषा आडवी जाते आणि टोक उडतं, तीन उडाली. आत पितळी तार, वरून एम-सील, घट्ट झाल्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर. नखाने टकटक केली की हाडासारखी वाजते. महागडी परदेशी क्ले कशाला? लाकडासाठीही मिरजेतल्या सतारमेकरांकडचे तुकडे बघा; ऑनलाइन आलेलं बाल्सा शिकंज्यात दबतं.

लिहिता लिहिता सुचलं: खुट्टी चिकटवायचीच कशाला? ही मैना तुरा हवा तेव्हा उभारायची. खुट्टीतून १.५ मिमीची पितळी तार आडवी घातली, तर बिजागरीसारखा तुरा पुढेमागे कलेल. खाचेच्या पुढच्या-मागच्या कडा मात्र तासून सैल कराव्या लागतील, आणि तारेची भोकं डोळे बसवायच्या आधी. डोळ्यांचे मणी एकदा चिकटले की तिथे ड्रिल जात नाही.