भिंतीवरची बुरशी तपासायला माणूस बोलावला तर तो नेमकं करतो काय

मराठवाड्यात बुरशी तपासायला पैसे देऊन माणूस बोलावला म्हटलं की लोक आधी हसतात. हसणारच, 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, संभाजीनगरात कितीतरी भागात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, अन् तुमच्या भिंतीला म्हणे ओल! पण ओल फक्त पावसाचीच असते असं थोडंच आहे. पाणी कमी येतं म्हणूनच तर आपण ते घरात साठवतो ना, बाथरूममध्ये ड्रम, गच्चीवर टाक्या, खाली हौद, नळ आला की मोटार चालू करून ठेवायची अन् टाकी भरून वाहायलीय हे शेजारचे ओरडल्यावर कळतं. वरून एप्रिल ते जून कूलर. खिडक्या लावून कूलर लावला तर खोलीतली हवा कोकणासारखी दमट होते, मग बाहेर 42 डिग्री का असेना.

तर माझ्या नणंदेच्या, ताईंच्या सिडकोतल्या फ्लॅटमध्ये बेडरूमच्या भिंतीला काळे ठिपके यायचे. पेंटर आला, घासलं, पुट्टी मारली, रंग दिला, पावसाळा संपेपर्यंत परत तेच. ताईंच्या सासूबाईंना दम्याचा त्रास, त्यामुळं घरात सगळे घाबरलेले, त्यात 2021 च्या म्युकरमायकोसिसची आठवण अजून ताजी, काळी बुरशी दिसली की लोकांना तेच आठवतं. इथंच सांगून टाकते, तो म्युकर वेगळा अन् भिंतीवरचं काळं वेगळं. म्युकरचा धोका होता तो मुख्यतः शुगर हाताबाहेर गेलेल्या अन् स्टेरॉईड घेतलेल्या पेशंटना, अन् ‘काळी’ म्हणायचे ते मेलेल्या पेशींच्या रंगावरून. भिंतीवरच्या बुरशीनं होतो तो त्रास बहुतेक शिंका, खोकला, दमा वाढणं असला. तोही कमी नाही, पण तो वेगळा.

शेवटी पुण्याहून एक जण बोलावले. मला वाटलं आल्या आल्या बुरशी खरवडून बाटलीत भरून नेतील. त्यांनी बराच वेळ भिंतीला हातच लावला नाही. नुसते प्रश्न. ‘वास कधी जास्त येतो, सकाळी का घर बंद ठेवून गावाला जाऊन आल्यावर? या भिंतीच्या पलीकडं काय आहे? वरच्या मजल्यावर बाथरूम कुठं येतं? कूलर कुठल्या खिडकीला असतो? डाग आधी खालून चढले का वरून उतरले?’ ताईंचे मिस्टर कंटाळून म्हणाले, अहो ते मशीन काढा ना. पण अर्धी तपासणी हीच असते असं मला आता वाटतं, कारण बुरशीला लागतं पाणी, अन् पाणी कुठून येतं हे घरात राहणाऱ्यालाच ठाऊक असतं, फक्त त्याला कुणी नीट विचारलेलं नसतं.

मग निघालं मॉइश्चर मीटर. मोबाइलपेक्षा जरा जाड डबी, पुढं दोन सुया. सुया भिंतीला टेकवल्या की त्यांच्यामधून वीज किती सहज जाते त्यावरून आकडा येतो, ओल जास्त तर आकडा जास्त. पहिला आकडा त्यांनी डागावर घेतलाच नाही, हॉलच्या कोरड्या ठणठणीत भिंतीवर घेतला. का, तर हे मीटर मुळात लाकडासाठी बनलेलं, प्लास्टरवर त्याचा टक्का खरा धरायचा नसतो, कोरड्या भिंतीच्या मानानं किती वर गेला तेवढंच बघायचं. अन् अजून एक मेख, भिंतीला लोणा (पांढरं मीठ फुटून येतं ते) लागला असेल तर त्या मिठामुळं भिंत कोरडी असली तरी आकडा चढतो. आपल्याकडं जुन्या भिंतींना लोणा सर्रास, तेव्हा नुसतं मीटर दाखवून कुणी ‘बघा, भिंत भिजलीय’ म्हणून पाच आकडी वॉटरप्रूफिंग गळ्यात मारत असेल तर दोन मिनिटं थांबा.

इथं गंमत झाली. फरशीपासून साधारण गुडघ्यापर्यंत आकडा भरपूर, त्याच्या वर गेलं की उतरला, अन् छातीच्या उंचीवर, जिथं सगळ्यात जास्त काळं होतं तिथं भिंत जवळपास हॉलसारखीच! थर्मल कॅमेऱ्यातही तेच, खालचा पट्टा निळा, वर काही नाही. (त्या कॅमेऱ्याला पाणी दिसत नसतं, फक्त गार-गरम दिसतं, ओली जागा वाळताना गार पडते म्हणून निळी दिसते, एसीची हवा लागली तरी निळीच दिसेल, म्हणून मीटरनं खात्री करावी लागते.) म्हणजे एकाच भिंतीवर दोन वेगळी दुखणी. खालचं पलीकडच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपचं, म्हणजे मोरीच्या जाळीखाली पाणी जायला बसवलेल्या भांड्याचं, तिथून पाणी झिरपत असणार. वरचं कपाटाचं: भलं मोठं लाकडी कपाट भिंतीला चिकटवून ठेवलेलं, मागं हवा खेळत नाही, समोर कूलर, त्याची सगळी दमट हवा कपाटामागं जाऊन बसायची. पेंटर दर वेळी दोन्हीवर एकच पुट्टी मारून जायचा.

खालच्याची खात्री करायला बाथरूमची मोरी बोळा घालून बंद केली, रंग टाकून पाणी भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी खालच्या फ्लॅटच्या छताला तोच रंग. मग त्या काकूंशी जे बोलणं झालं ते इथं लिहीत नाही.

आता सॅम्पल. लोकांना वाटतं टेस्टिंग म्हणजे हेच. ताईंनी विचारलं, लॅबला नाही का पाठवायचं? ते म्हणाले, डोळ्याला दिसायलीय ना, मग कशाला पैसे घालता. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए पण हेच सांगते, बुरशी दिसत असेल तर बहुतेक वेळा सॅम्पलची गरज नाही, अन् घरातल्या हवेत बुरशीचे कण किती चालतील याची तिथं केंद्र सरकारनं ठरवलेली मर्यादाच नाही. तेव्हा ‘तुमचा रिपोर्ट फेल आहे’ असं कुणी म्हणालं तर कशाच्या तुलनेत, हे विचारायचं.

सॅम्पलचा उपयोग होतो तो वास येतो पण काही दिसत नाही तेव्हा, किंवा साफसफाईनंतर झालं का नीट हे बघायला. माझा मामेभाऊ अमेरिकेत टेक्सासमधल्या डॅलसला असतो, त्यानं घर घेताना हे सगळं केलेलं, त्याचा रिपोर्ट मी व्हिडिओ कॉलवर बसून वाचला. छोट्या पंपानं मिनिटाला 15 लिटर हवा ओढतात, पाच मिनिटं, म्हणजे 75 लिटर, ती एका छोट्या डबीतल्या चिकट काचेवर आपटते अन् कण चिकटतात, मग लॅबवाले मायक्रोस्कोपखाली मोजतात. रिपोर्टात आकडा मात्र एक घनमीटर हवेचा लिहितात, म्हणजे हजार लिटरचा, त्यामुळं काचेवर एकच कण सापडला तरी कागदावर 13 छापून येतं. भाऊ त्या 13 ला घाबरून बसला होता! अन् घराबाहेरच्या हवेचं एक सॅम्पल घ्यायचंच असतं, कारण बुरशीचे कण सगळीकडंच असतात, बाहेर 2,000 अन् आत 800 असेल तर काळजी कसली, पण बाहेर जे नाहीच ते आत ढिगानं असेल तर घरातच कुठंतरी कारखाना चालू आहे. बाहेरचं सॅम्पल नसलेला रिपोर्ट मी तरी रद्दीत टाकेन.

मायक्रोस्कोपखाली ॲस्परजिलस अन् पेनिसिलियम या दोन नेहमीच्या बुरशींचे कण वेगळे ओळखता येत नाहीत, ते एकाच रकान्यात येतात. वेगळे करायचे तर लॅबमध्ये बशीत वाढवावे लागतात, त्याला आठवडाभर जातो, अन् मेलेले कण तर वाढतच नाहीत, ॲलर्जी मात्र तेही करतात. ऑनलाइन मिळणारी बशी उघडी ठेवायची किट घेऊ नका, त्यात कुणाच्याही घरात काहीतरी उगवणारच, आपल्या कांद्यावर काळी भुकटी येते ना, तो ॲस्परजिलसच.

टेक्सासमधली एक गोष्ट मात्र मला फार पटली. तिथं तपासणाऱ्याला लायसन लागतं, अन् ज्या कामाची तपासणी त्यानं केली तेच दुरुस्तीचं काम त्याला घेता येत नाही, कायद्यानंच. आपल्याकडं ‘फ्री इन्स्पेक्शन’ देणारा तोच, केमिकल विकणारा तोच. मग त्याला गळती सापडणार नाही तर काय होईल?

ताईंच्या घरी पुढं काय, तर ट्रॅप उचकटून नवा बसवला, प्लास्टर कमरेपर्यंत खरवडलं, पण रंग लगेच द्यायचा नाही म्हणाले, भिंत मीटरवर हॉलच्या बरोबरीला येईपर्यंत थांबा. पेंटर दोनदा येऊन परत गेला. कपाट वीतभर पुढं ओढलं, त्याची मागची प्लायवूड गेली भंगारात, सासूबाईंच्या गोधड्या उन्हात. कूलरला मात्र समोरची खिडकी उघडी ठेवायची यावरून घरात अजून भांडण आहे, सासूबाई म्हणतात धूळ येते.

तुम्ही कुणाला बोलावणार असाल तर आदल्या दिवशी भिंत पुसू नका, ब्लीच मारू नका, कपाट हलवू नका. लोक पाहुणे येणार असल्यासारखं घर चकाचक करतात अन् मग त्या माणसाला काही सापडत नाही. हवेचं सॅम्पल घेणार असतील तर किती तास आधी खिडक्या अन् कूलर बंद ठेवायचे ते फोनवरच विचारून घ्या, अन् मागच्या वेळी टाकी कधी वाहिली, प्लंबर कधी आला, हे एका कागदावर लिहून ठेवा.