रतनमहालची अस्वलं

बडोद्यातल्या दांडिया बाजारात आमच्याकडे पाहुणे आले की सगळ्यांना सिंह बघायला गीरलाच जायचं असतं. मी म्हणतो, रतनमहालला चला! दाहोद जिल्ह्यातलं हे अभयारण्य १९८२ साली झालं, तेही अस्वलांसाठी. मोहाची फुलं पडू लागली की ती वेचायला पहाटे गावकरीही निघतात आणि अस्वलंही. गाठ पडते ती तिथेच.

इथल्या अस्वलाच्या (इंग्रजीत स्लॉथ बेअर) वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी अक्षरशः ओढून घेतं, तेही नाकपुड्या मिटून, म्हणजे माती आत जात नाही. पिल्लं आईच्या पाठीवरचे लांब केस धरून फिरतात. (अमेरिकेतल्या ग्रिझली अस्वलाची बिचारी पायीच!) वाटाड्याने आम्हाला ताजं उकरलेलं वारूळ दाखवलं, कडेला नखांचे ओरखडे. तिथून पुढे आम्ही मुद्दाम मोठ्याने गप्पा मारत चाललो. दचकलेलं अस्वल थेट अंगावर येतं.