तुम्ही विचारलंत म्हणून: वाळूत आणि उथळ पाण्यात शोधायला डिटेक्टर कोणता?

‘समुद्रकिनाऱ्यावर शोधायचंय, जमलं तर थोडं पाण्यातही उतरायचंय, मेटल डिटेक्टर कोणता घेऊ?’ हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदा सविस्तर लिहूनच टाकावं असं वाटलं. बहुतेक जण विचारतानाच दोन मॉडेलांची नावं घेऊन येतात आणि ‘यातलं एक सांगा’ म्हणतात. मी मात्र आधी पाण्याबद्दल विचारते. खारं की गोडं? आणि त्यात तुम्ही कुठवर जाणार: घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत की छातीपर्यंत? एवढं कळलं की यंत्र जवळपास ठरतं.

माझं मत आधीच सांगून टाकते. समुद्रासाठी घेत असाल तर मीठ सोसणारं यंत्र घ्या. तळ्यासाठी घेत असाल तर खोली सोसणारं. लोक नेमकं उलट करतात. समुद्र म्हटला की पहिली नजर ‘किती मीटरपर्यंत वॉटरप्रूफ’ या ओळीवर जाते, आणि तळं म्हटलं की ‘तिथे काय, साधंसुधं चालेल’ असं वाटतं.

हे असं का म्हणते ते कळायला वस्तू हरवतात कुठे ते पाहायला हवं. अंगठी कोरड्या वाळूत क्वचितच गळून पडते. पाण्यात बोटं गारठून आकसतात, अंगाला लावलेल्या तेल-क्रीमने निसरडी झालेली असतात, आणि त्यात माणूस लाटांशी खेळत हात झाडत असतो. कमरेपासून छातीपर्यंतच्या पाण्यात अंगठी सुटते ती अशी. आता भरतीच्या वेळी जिथे लोक छातीभर पाण्यात उभे होते, ती जागा मोठ्या ओहोटीला कित्येक किनाऱ्यांवर उघडी पडते किंवा तिथे जेमतेम गुडघाभर पाणी उरतं. समुद्र दिवसभरात स्वतःच मागे सरकून तुम्हाला ती जागा दाखवतो. तळ्याला भरती-ओहोटी नाही. तिथे छातीभर पाण्यात पडलेली वस्तू छातीभर पाण्यातच राहते आणि तुम्हालाही तेवढंच आत जावं लागतं. म्हणून समुद्रावर खोलीचं महत्त्व कमी, आणि ओल्या खाऱ्या वाळूत यंत्र शांत राहतं की नाही याचं फार जास्त.

आता त्या मिठाचं. डिटेक्टरची कॉइल, म्हणजे दांड्याच्या खालच्या टोकाची तारेच्या वेटोळ्याची चकती, सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडते. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह फिरू लागतात, त्यांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं आणि कॉइल ते ऐकते. पण समुद्राचं पाणीही वीज वाहून नेतं, गोड्या पाण्यापेक्षा शेकडो पटींनी जास्त. धातूच्या तुलनेत ते फारच दुबळं, पण कॉइलच्या खाली ते सगळीकडे पसरलेलं असतं. त्यामुळे यंत्राला समुद्र म्हणजे एक प्रचंड, अंधूक वस्तू वाटते. आणि पंचाईत अशी, की मिठाचा हा सिग्नल नेमका त्याच पट्ट्यात येतो जिथे बारीक सोनं येतं. मीठ पुसायला गेलं की त्याबरोबर थोडं सोनंही पुसलं जातं. किनाऱ्यासाठी बनलेल्या प्रत्येक यंत्राने या अडचणीशी कुठे ना कुठे तडजोड केलेली असते.

त्यात काळी वाळू आली की गुंता वाढतो. किनाऱ्यावर दिसणाऱ्या त्या काळ्या रेघांमध्ये बहुधा मॅग्नेटाइट असतं, म्हणजे लोहाचं चुंबकीय खनिज. त्याचा सिग्नल मिठाच्या सिग्नलपेक्षा वेगळ्या स्वभावाचा. एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या डिटेक्टरला ग्राउंड बॅलन्स करून, म्हणजे जमिनीचा स्वतःचा सिग्नल वगळायला लावून, तुम्ही खनिज गप्प करू शकता, किंवा मीठ. दोन्ही एकत्र असतील आणि त्यांचं प्रमाण पावलागणिक बदलत असेल, तर एक दाबलं की दुसरं उसळतं. मग सेन्सिटिव्हिटी कमी करत करत यंत्र इतकं मंद होतं की वितीभर खोल गेलेली अंगठीही त्याला ऐकू येत नाही. सर्वांत वाईट जागा म्हणजे लाट येऊन पसरते आणि मागे जाते तो पट्टा. कॉइल पूर्ण पाण्याखाली असेल तर मिठाचा परिणाम निदान स्थिर असतो. इथे मात्र पाण्याचा पातळ थर दर काही सेकंदांनी कॉइलखाली येतो आणि निघून जातो.

यावर तोड म्हणजे एकाहून जास्त फ्रिक्वेन्सी एकाच वेळी वापरणं. फ्रिक्वेन्सी बदलली की मिठाचं उत्तर एका पद्धतीने बदलतं आणि मॅग्नेटाइटचं दुसऱ्या, त्यामुळे दोन उत्तरांची वजाबाकी करून दोघांनाही एकदम बाजूला काढता येतं. फिशर कंपनीच्या सीझेड मालिकेत ५ आणि १५ किलोहर्ट्झ अशा दोनच फ्रिक्वेन्सी होत्या, तरी खाऱ्या वाळूत ती यंत्रं नावाजली गेली. मायनलॅबचं एक्सकॅलिबर त्याच विचाराचं. २०१८ साली बाजारात आलेल्या मायनलॅबच्याच इक्विनॉक्सनंतर ही सोय मध्यम किमतीच्या, हलक्या, पाण्यात बुडवता येणाऱ्या यंत्रांतही आली. आज नोक्ताचं लेजंड, एक्सपीचं डेउस दोन ही नावं त्याच रांगेत घेतली जातात. पहिलंच यंत्र घेणाऱ्या आणि मुख्यतः समुद्रावर जाणाऱ्या माणसाला मी बिनदिक्कत हा प्रकार सुचवते. एक सावधगिरी मात्र बाळगा. काही यंत्रांवर ‘मल्टी’ असं लिहिलेलं असतं, पण त्याचा अर्थ ‘तीन-चार फ्रिक्वेन्सींपैकी एक निवडा’ एवढाच असतो. आपल्याला हव्यात त्या एकाच वेळी चालणाऱ्या.

दुसरा मार्ग पल्स इंडक्शनचा. यात कॉइलमधून विजेचा झटका जातो, थांबतो, आणि थांबल्यानंतर काही मायक्रोसेकंदांनी यंत्र ऐकायला लागतं. खाऱ्या पाण्यातले प्रवाह झटकन विरून जातात. यंत्राने ऐकायला सुरुवात साधारण १० ते १५ मायक्रोसेकंदांनंतर केली तर मीठ तोवर गप्प झालेलं असतं. काळ्या वाळूचाही त्रास फार कमी होतो आणि खोली उत्तम मिळते. गॅरेटचं सी हंटर हे या पद्धतीचं जुनं, परिचित यंत्र. ते ६० मीटर खोलीपर्यंत जातं, म्हणजे पाणबुडेही वापरतात. पण पल्स यंत्राला लोखंड आणि सोनं यांतला फरक नीट सांगता येत नाही. खिळा, केसाचा आकडा, अंगठी, सगळ्यांना जवळपास एकच आवाज. पाण्यात प्रत्येक सिग्नल उकरणं म्हणजे किती कष्ट, हे कमरेभर लाटांमध्ये स्कूपवर (वाळू उपसायच्या भोकांच्या फावड्यावर) पाय देऊन उभं राहिलं की कळतं. किनारा कचरामुक्त असेल, वाळू काळी असेल आणि तुमच्याकडे वेळ आणि चिकाटी असेल, तरच पल्सकडे वळा. तसा किनारा असला तर मात्र त्याला तोड नाही.

पातळ साखळीबद्दल वेगळं सांगते, कारण यावरून फार लोक निराश होतात. सोन्याची नाजूक साखळी वजनाने अंगठीएवढी असली तरी यंत्राला ती अंगठीएवढी दिसत नाही. अंगठी म्हणजे अखंड कडं. प्रवाह त्यात सहज फिरतो. साखळीची प्रत्येक कडी सुटी असते, तिच्यात फिरणारा प्रवाह इवलासा असतो आणि मिठासारखाच लगेच विरतो. पल्सने आणि मल्टी-फ्रिक्वेन्सीने मीठ वगळताना ती साखळीही वगळली जाते. सापडलीच तर ती तिच्या पदकामुळे किंवा फाशामुळे. कोणी ‘आमचं यंत्र किनाऱ्यावर बारीक साखळ्याही खोलवरून काढतं’ असं सांगितलं, तर प्रत्यक्ष करून दाखवायला सांगा.

खाली कोणता धातू असावा याचा अंदाज देणाऱ्या पडद्यावरच्या आकड्यांवर, म्हणजे टार्गेट आयडीवर, फार विसंबू नका. सोन्याच्या अंगठ्या कॅरट, जाडी आणि घेरानुसार ॲल्युमिनियमच्या चंदेरी कागदापासून पेयाच्या डब्याच्या ओढकडीपर्यंत कुठल्याही आकड्यावर येतात. ॲल्युमिनियम टाळायचं सेटिंग केलंत की सोनं टाळलंत. लोखंड वगळावं, ते ठीक. त्यापलीकडे वाळूत मी सगळं उकरते. बाटलीची पोलादी बुचं तर मल्टी-फ्रिक्वेन्सीलाही चकवतात आणि चांगल्या नाण्यासारखी बोलतात. म्हणून यंत्र निवडताना पडद्यापेक्षा आवाजाकडे लक्ष द्या. ज्याचा आवाज खोल सिग्नलला दबका आणि वरच्या सिग्नलला ठसठशीत येतो, कडा स्वच्छ ऐकू येतात, त्या यंत्राबरोबर तुम्ही लवकर शिकाल. पाण्यात पडदा दिसतही नाही धड.

वॉटरप्रूफपणाचे शब्द नीट वाचा. आयपी ६७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. आयपी ६८ म्हणजे त्याहून कडक, पण किती खोल आणि किती वेळ ते बनवणाऱ्याने ठरवलेलं, त्यामुळे तो आकडा वेगळा पाहावा लागतो. शिवाय ही चाचणी गोड्या, स्थिर पाण्यात होते. अंगावर फुटणाऱ्या लाटेचा तडाखा त्यात मोजलेला नसतो. म्हणून कमरेपर्यंतच जाणार असाल तरी ३ मीटर किंवा त्याहून जास्त लिहिलेलं यंत्र घ्या. काही यंत्रांची फक्त कॉइल पाण्यात चालते आणि पडदा-बटणांची वरची पेटी नाही. गुडघाभर शांत पाण्यात ते पुरतं. समुद्रात एक चुकार लाट पुरेशी असते. छातीभर पाण्यात उतरायचं तर यंत्र पूर्ण बुडणारच असं धरून चाला.

हेडफोनकडे लोक दुर्लक्ष करतात. यंत्राबरोबर बहुधा बिनतारी हेडफोन येतात, आणि वाळूवर ते छानच. पण रेडिओ लहरी खाऱ्या पाण्यातून जवळजवळ जातच नाहीत. पेटी पाण्याबाहेर असेपर्यंत ऐकू येतं, पेटी बुडाली की सगळं बंद. पेटी बुडणार असेल तर तारेचे, वॉटरप्रूफ हेडफोन हवेत, आणि ते आपल्या यंत्राला बसणारे मिळतात का हे खरेदीआधी बघा. एक्सपीच्या बिनतारी कॉइलला तर पाण्याखाली सिग्नल पोचवण्यासाठी अँटेनाची वेगळी तार लावावी लागते.

कॉइल मध्यम आकाराची, १० ते ११ इंची, पुष्कळ झाली. मोठी कॉइल खोल बघते, पण पाण्यात ती ओढायला मनगट लागतं. काही कॉइली तरंगायला बघतात. सतत खाली दाबून धरण्याने हात लवकर भरून येतो. वजनाचं म्हणाल तर इक्विनॉक्स ८०० साधारण १.३४ किलोचं आहे. तासभर हातात धरून बघितल्याशिवाय त्या आकड्याचा अर्थ लागत नाही.

आणि स्कूप! सगळे पैसे डिटेक्टरवर घालून प्लास्टिकची चाळणी घेऊन पाण्यात उतरू नका. दिसत नसलेल्या तळातून, हलत्या वाळूतून वस्तू वर आणायची आहे. लांब दांड्याचा, स्टेनलेस स्टीलचा, पायाने दाबता येईल असा, आणि लहान अंगठी निसटणार नाही एवढ्याच भोकांचा स्कूप लागतो. एक पायरी कमी किमतीचं यंत्र आणि चांगला स्कूप घेतलेला माणूस महागडं यंत्र आणि वाईट स्कूप घेतलेल्यापेक्षा जास्त वस्तू घरी आणतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. फक्त कॉइल फिरवताना स्कूप लांब धरा, नाहीतर त्याचाच सिग्नल येत राहील.

गोड्या पाण्याचं सोपं आहे. मीठ नसल्यामुळे एका फ्रिक्वेन्सीचं, पूर्ण बुडणारं यंत्र, जसं १५ किलोहर्ट्झचं गॅरेट एटी प्रो किंवा १२ किलोहर्ट्झचं नोक्ता सिम्प्लेक्स प्लस, तळ्यात उत्तम काम देतं. तिथे मल्टीवर जास्तीचे पैसे घालायची गरज नाही. ते हेडफोनवर घाला. पुढे कधीतरी समुद्रावर जायचा बेत असेल तर मात्र आत्ताच मल्टी घ्या.

किनाऱ्यावर शोधायला परवानगी लागते का, सापडलेलं कोणाला कळवायचं, जुन्या अवशेषांची जागा संरक्षित आहे का, हे जिथे जाणार तिथलं आधी विचारून घ्या. यंत्र घेण्याआधी विचारा, नंतर नको.

जुनं यंत्र घ्यावं का, हेही बरेच जण विचारतात. घ्यावं, पण हातात घेऊन. बॅटरीच्या झाकणातली रबरी कडी भेगाळलीय का, चार्जिंगच्या टोकांवर हिरवट थर चढलाय का, कॉइलच्या तारेला कुठे मोड आहे का ते बघा. पडद्याच्या काचेमागे वाफ दिसली तर यंत्र परत द्या. मग शक्य असेल तर लाटांच्या काठावर न्या. एक साधी अंगठी दोऱ्याला बांधून ओल्या वाळूत वीतभर पुरा, दोरा वर ठेवा. यंत्र चालू करून आधी अंगठीपासून लांब, पाणी येतं-जातं त्या पट्ट्यात कॉइल फिरवा आणि ते किती बडबडतं ते ऐका. सेन्सिटिव्हिटी कमी करून ते शांत झालं की त्याच सेटिंगवर अंगठीवरून दोन्ही दिशांनी कॉइल न्या. दोन्हीकडून आवाज आला तर घ्यायला हरकत नाही. विकणारा यंत्र पाण्याजवळ न्यायलाच तयार नसेल तर दुसरं बघा.