रीमॅप न करता परत आणलेली गाडी

आज सकाळी गाडी भोसरीच्या गॅरेजला नेली, इंजिन रीमॅप करायचंच असं ठरवून. दोन लिटरचं टर्बो इंजिन, म्हणजे टर्बो हवा दाबून आत भरतो. रीमॅप म्हणजे नुसतं इंजिनचं सॉफ्टवेअर बदललं की टर्बोचा दाब वाढतो आणि तीस-चाळीस हॉर्सपॉवर जास्त मिळतात. कोणाला मोह होणार नाही?

मिस्त्रीकाकांनी काही न बोलता एक पिस्टन हातात दिला. अशाच एका रीमॅप केलेल्या गाडीचा. दोन रिंगांमधली कड नखाएवढी तुटलेली, कडेला काळपट खरवड. "दाब वाढवला आणि पेट्रोल साधंच घातलं, दादा. उन्हात घाट चढताना नॉकिंग झालं, म्हणजे पेट्रोल आत चुकीच्या वेळी आपोआप पेटलं." म्हणजे नॉकिंग टाळणारं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल कायमचं आलं, शिवाय टर्बोची गरम हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर. क्लच टिकेल की नाही तो प्रश्न वेगळाच. गाडीत परस्पर बदल करण्यावर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, विम्याचा क्लेमही अडकू शकतो.

आणि ही ताकद वापरणार कुठे? पुण्याच्या विद्यापीठ चौकातल्या गर्दीत तर दुसऱ्या गिअरच्या पुढे जाता येत नाही.

शेवटी चांगले टायर, ब्रेक पॅड आणि नवं ब्रेक ऑइल टाकून घेतलं. संध्याकाळी सिंहगड पायथ्यापर्यंत जाऊन आलो. डोणज्याच्या वळणावर गाडी अशी चिकटून वळली की मन भरून आलं. इंजिन कंपनीने दिलंय तसंच राहू दे.