बाबांची बाराबोर आणि फॉर्ममधला एक रकाना

खंडेनवमीला आमच्या काटोलकडच्या घरी एका पाटावर सगळं मांडतात, विळा, कुऱ्हाड, डवऱ्याची पास, मोटरपंपाचे पाने आणि मधोमध बाबांची बाराबोर, दुनळी बंदूक. झेंडूची माळ, हळदकुंकू, आणि लहानपणी आम्हाला तिला हात लावायची परवानगी फक्त त्या दिवशी, तीही बाबा बाजूला उभे असताना आणि नळी मोडून रिकामी आहे हे दाखवल्यावर. यंदा पूजा झाली, सगळे जेवायला बसले आणि बाबा एकदम म्हणाले, "पोरी, हे बंदूक आता तुह्या नावावर करून टाकू. माह्या डोळ्याले आता रात्री दिसत नाही, अन् दादा तं काही येत नाही तिकडून."

बाबा 74 वर्षांचे आहेत. आपल्याकडे अशी सोय आहे हे मला तेव्हाच कळलं, 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे लायसनधारक 70 वर्षांचा झाला किंवा बंदूक त्याच्याकडे 25 वर्षं असली की तो हयातीतच आपल्या वारसाचं नाव देऊ शकतो. पण म्हणून ती वावरासारखी आपोआप फेरफार होऊन नावावर येत नाही हां, वारसाला स्वतःचा वेगळा अर्ज करावा लागतो, पोलिसांचा रिपोर्ट, डॉक्टरचं सर्टिफिकेट, बंदूक हाताळायचं ट्रेनिंग घेतल्याचा दाखला, सगळं नव्यानं. बाबांचं लायसन जिल्हाधिकाऱ्यांकडचं, मी राहते नागपूर शहरात म्हणजे माझा अर्ज पोलिस आयुक्तांकडे. मी फॉर्म काढून आणला, नाव पत्ता जन्मतारीख भरत गेले आणि एका रकान्यावर अडकले. लायसन कशासाठी हवं?

त्याच रात्री दादाचा व्हिडिओ कॉल आला. दादा टेक्सासमध्ये आहे, बारा वर्षं झाली. ग्रीन कार्ड आल्यावर त्यानं पिस्तूल घेतलं, व्हिसावर असताना तिथेही घेता येत नाही, शिकारीचं लायसन वगैरे काही अपवाद सोडले तर. मी त्याला विचारलं की तुला किती दिवस लागले, तर म्हणाला दिवस कसले, दुकानात गेलो, एक फॉर्म भरला, त्यांनी कॉम्प्युटरवर बॅकग्राउंड चेक केला, तासाभरात डबा हातात. मी म्हटलं त्या फॉर्ममध्ये कशासाठी पाहिजे हे विचारलं होतं का? तो थोडा थांबला आणि म्हणाला, नाही ग, ते विचारतच नाहीत. गुन्हा केलाय का, ड्रग्ज घेतोस का, कोर्टानं मनोरुग्ण ठरवलंय का, एवढंच विचारतात.

मला वाटतं जगातल्या बंदुकीच्या कायद्यांमधला सगळा फरक इथेच आहे. तुला कशाला पाहिजे हे सरकारनं विचारायचं, की तुला का देऊ नये हे सरकारनं सिद्ध करायचं. बाकी किती गोळ्या, किती लांब नळी, किती वर्षांनी रिन्यू, ते सगळं त्याच्या मागून येतं.

तिकडे अमेरिकेत 1791 ची दुसरी घटनादुरुस्ती आहे, शस्त्र बाळगणं हा लोकांचा हक्क. 2008 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हा हक्क एकेका माणसाचा आहे, घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवता येणार. तरी न्यूयॉर्कमध्ये मात्र शंभर वर्षांहून जुना कायदा होता की घराबाहेर पिस्तूल घेऊन फिरायचं असेल तर तुझं खास कारण काय ते सांग, म्हणजे आपल्या फॉर्ममधला रकानाच तो एका परीनं. जून 2022 मध्ये कोर्टानं तो कायदा रद्द केला, हक्क वापरायला कारण मागता येणार नाही म्हणाले. त्याच्या जेमतेम एक महिना आधी, 24 मे 2022 ला, दादाच्याच राज्यात युवाल्डी नावाच्या गावातल्या प्राथमिक शाळेत 19 मुलं आणि 2 शिक्षिका मारल्या गेल्या होत्या. मारणारा 18 वर्षांचा. वाढदिवस झाल्यावर थोड्याच दिवसांत त्यानं दुकानातून रायफली घेतल्या, कायदेशीर. पोलिस शाळेत पोचूनही तासाभराहून जास्त वेळ वर्गात शिरले नाहीत.

मी पहिलीच्या वर्गाला शिकवते. म्हणून हे वाचताना मला आकडे दिसत नाहीत, बाकं दिसतात. 2012 मध्ये अमेरिकेतल्याच सँडी हूक शाळेतल्या गोळीबारात 20 मुलं गेली, सहा सात वर्षांची, म्हणजे माझ्या वर्गाचीच. त्यानंतर चार महिन्यांनी तिथल्या सिनेटमध्ये साधी गोष्ट आली होती, ऑनलाइन आणि गन शोमधल्या विक्रीलाही बॅकग्राउंड चेक लावा एवढीच (कारण तो चेक केंद्राच्या कायद्यानं फक्त लायसनवाल्या दुकानदाराला लागू आहे, एका माणसानं दुसऱ्याला विकली तर नाही), आणि 54 विरुद्ध 46 मतं पडूनही ती पास झाली नाही कारण 60 लागत होती.

आणि याच्या अगदी उलट स्कॉटलंडमधलं डनब्लेन. 13 मार्च 1996, शाळेच्या जिममध्ये 16 मुलं आणि त्यांच्या बाई. मारणाऱ्याकडची पिस्तुलं लायसनची होती. ज्यांची मुलं गेली आणि त्यांच्या ओळखीपाळखीतल्या लोकांनी सह्यांची मोहीम काढली, तिला नाव दिलं स्नोड्रॉप, कारण मार्चच्या त्या थंडीत तेवढं एकच फूल फुललेलं होतं. सात लाखांवर सह्या झाल्या, आणि 1997 संपायच्या आत ब्रिटनमध्ये सामान्य माणसाकडे पिस्तूल ठेवणं बंद, उत्तर आयर्लंड सोडून. इतकं बंद की ऑलिम्पिकच्या पिस्तूल नेमबाजांनाही सरावाला परदेशात जायला लागायचं. नेमबाजांवर अन्याय झाला हे मला मान्य आहे, पण त्या गावातल्या आईबापांसमोर उभं राहून तो अन्याय मोठा आहे असं मला तरी म्हणता येणार नाही.

1996 च्याच एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियात पोर्ट आर्थरला 35 माणसं मारली गेली. जॉन हॉवर्ड तेव्हा नुकतेच पंतप्रधान झाले होते आणि ते उजव्या पक्षाचे, ज्यांच्या मतदारांकडे सगळ्यात जास्त बंदुका. तरी त्यांनी सगळ्या राज्यांना एका टेबलावर आणलं, सरकारनं पैसे देऊन साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका परत घेतल्या आणि वितळवल्या. नियम असा केला की कारण सांगावंच लागेल, शेती, शिकार, नेमबाजी काहीही, पण स्वसंरक्षण हे कारण चालणार नाही. मला हे फार विचार करण्यासारखं वाटतं, कारण आपल्याकडे लायसनसाठी सगळ्यात जास्त ऐकू येणारं कारण तेच आहे, जिवाला धोका आहे. न्यूझीलंडनं तर 15 मार्च 2019 च्या क्राइस्टचर्चच्या मशिदींमधल्या हल्ल्यानंतर, 51 माणसं गेली त्यात, महिन्याच्या आत कायदा केला, संसदेत 119 विरुद्ध 1.

दादाचं म्हणणं असं की मग स्वित्झर्लंडचं काय, तिथे घरोघरी बंदुका आहेत, तिथे का नाही होत असं. मी त्याच्यासाठी हे नीट वाचून काढलं. तिथे सैन्यसेवा सक्तीची आहे आणि सैनिक आपली रायफल घरी नेऊ शकतो हे खरं. पण सैन्याच्या गोळ्या घरी ठेवणं 2007 पासून जवळपास बंद झालं, सेवा संपल्यावर रायफल ठेवायची तर परवाना काढा, आणि 2019 मध्ये युरोपच्या कडक नियमांना लोकांनी स्वतः मतदान करून होकार दिला. म्हणजे तिथे बंदूक आधी एका जबाबदारीतून घरात येते. आणि जपानमध्ये तर साध्या माणसाला पिस्तूल मिळतच नाही, छऱ्याची बंदूक किंवा एअर रायफल मिळते, तीही क्लास, लेखी परीक्षा, नेमबाजीची परीक्षा, डॉक्टरचा दाखला, पोलिसांची चौकशी हे सगळं करून, आणि ती बंदूक दहा वर्षं सांभाळल्यावर मग रायफल मागता येते. तिथले माजी पंतप्रधान शिंझो आबे यांना मारणाऱ्यानं 2022 मध्ये घरी बनवलेली बंदूक वापरली हे दादानं लगेच सांगितलं. हो, वापरली. पण त्याला ती घरी बनवावी लागली हेही त्यातच आलं ना.

आता आपलं. आपला कायदा काही आकाशातून नाही पडला. 1878 चा इंग्रजांचा शस्त्र कायदा, 57 च्या उठावानंतर हिंदी माणसाच्या हातात शस्त्र नको म्हणून, आणि युरोपियनांना त्यातून सूट. गांधीजींनाही तो कायदा फार लागला होता. स्वातंत्र्यानंतर 1959 चा कायदा आला, गोऱ्या काळ्याचा भेद गेला पण मूळ प्रश्न तोच राहिला, तुला कशाला पाहिजे. एक अपवाद कर्नाटकातल्या कोडगूचा, तिथल्या कोडवा लोकांना इंग्रजांच्या काळापासून लायसनमधून सूट आहे, सध्या ती 2029 पर्यंत वाढवलीय, आणि तेही आपल्या खंडेनवमीसारखी शस्त्रांची पूजा करतात. बाकी सगळ्यांना 2019 च्या दुरुस्तीनंतर एका लायसनवर जास्तीत जास्त दोनच बंदुका, आधी तीन होत्या. लग्नात वरातीत हवेत बार काढून दुसऱ्याच्या जिवाला धोका केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम मला फार आवडलं, खरंच, कारण मी लहानपणी एका लग्नात हे पाहिलंय आणि तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते.

पण मला आपल्या कायद्याची जी गोष्ट खुपते ती सांगायलाच पाहिजे. बाबांना बंदूक लागायची रानडुकरासाठी. काटोल नरखेडकडे ज्याचं वावर जंगलाला लागून आहे त्याला विचारा, भुईमूग एका रात्रीत उकरून ठेवतात, तुरीत रोही (नीलगायी) शिरले की शेंडे खाऊन मोकळे. बाबांनी आयुष्यात एक डुक्कर मारलं नाही, वनखात्याच्या परवानगीशिवाय मारताही येत नाही, ते फक्त रात्री मचाणावरून हवेत बार काढायचे आणि कळप पळायचा. प्रत्येक निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा, 2024 मध्ये तर दोनदा, लोकसभेला एकदा आणि विधानसभेला एकदा, आणि विधानसभेच्या वेळी कापूस तूर सगळं वावरात उभं होतं. बाबांनी कधी कुरकुर केली नाही, पावती जपून ठेवायचे.

आमच्या बाजूच्या वावरातल्या काकांनी पीक राखायला लायसन मिळावं म्हणून अर्ज केलाय. दोन वर्षं होत आली. प्रत्येक खेपेला एक नवीन कागद कमी असतो, गावातून यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. आणि इकडे शहरात ज्याला कुणाला धमकवायचं आहे त्याला फॉर्म भरायचाच नाही, त्याच्याकडे देशी कट्टा असतो, पेपरात दर थोड्या दिवसांनी बातमी येते. म्हणजे कशाला पाहिजे या प्रश्नाचं खरं उत्तर ज्याच्याकडे आहे तोच रांगेत उभा. म्हणून मला कायदा सैल व्हायला नकोय, मला तो प्रश्न नीट विचारलेला हवाय, आणि उत्तर पटलं तर महिनोन्महिने लटकवून न ठेवता होकार, नाही पटलं तर कारण लिहून नकार.

दादाच्या मुलीशी, माझ्या भाचीशी, मी रविवारी बोलले. सहा वर्षांची आहे. शाळेत काय शिकवलं विचारलं तर म्हणाली, आत्या, आम्ही आज लपायचं शिकलो. टीचर लाइट बंद करतात, दाराला कुलूप लावतात आणि सगळ्यांनी कोपऱ्यात बसायचं, आवाज नाही करायचा, बूट पण नाही वाजवायचे. तिला तो खेळच वाटत होता. मागे दादा उभा होता, काही बोलला नाही. माझ्या वर्गात आम्ही आगीची ड्रिल करतो, त्यात मुलांना बाहेर पळायला शिकवतात, आरडाओरडा केला तरी चालतो.

सोमवारी मी बाबांना फोन करून सांगितलं की बाबा, त्या रकान्यात माझ्याजवळ लिहायला काही नाही. मी फ्लॅटमध्ये राहते, घरात दोन लहान मुलं आहेत, आठवण म्हणून बंदूक ठेवणं मला जमणार नाही. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मागे पंपाचा आवाज येत होता.

मग म्हणाले, "बरं. मी जमा करून देतो ठाण्यात, लायसनासकट. पण तू तो फॉर्म फेकू नको. दिवाळीले आली का बाजूच्या काकाच्या घरी बस अन् त्याचा अर्ज नीट लिहून दे. त्याले रकाना भरता येत नाही, पण कारण त्याच्याजवळ आहे."